कॉर्डलेस ड्रिलचा चक बदलताना: स्क्रू उलट्या आट्यांचा, चक सुलट्या आट्यांचा

ऐरोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: १८ व्होल्टचा कॉर्डलेस इम्पॅक्ट ड्रिल आहे, त्याचा चक, म्हणजे बिट धरणारं पुढचं तोंड, १३ मिमीचा, हाताने आवळायचा म्हणजे कीलेस. हल्ली ६ मिमीचा बिट कितीही घट्ट बसवला तरी भिंतीत शिरताना चकमध्येच फिरतो. तीन जबड्यांपैकी एक मागे राहतो. भोक मापापेक्षा मोठं पडतं आणि रावळ प्लग सैल बसतो. नवीन चक घालावा म्हणून आतला स्क्रू सोडवायला घेतला, तर तो हलत नाही आणि आता त्याचं डोकं घासायला लागलंय. दुरुस्तीवाला म्हणतो, गिअरबॉक्ससकट पुढचा भाग बदला. काय करावं?

सगळ्यात आधी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. तो स्क्रू उलट्या आट्यांचा असतो. सवयीने घड्याळाच्या उलट दिशेला फिरवलात तर तो सुटत नाही, आणखी आवळला जातो. डोकं घासतंय त्याचं कारण बहुतेक हेच. तो घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. त्याच्या मागचा चक मात्र नेहमीच्या सुलट्या आट्यांवर बसलेला असतो आणि घड्याळाच्या उलट फिरवल्यावर निघतो. या उत्तरात जिथे जिथे दिशा सांगितली आहे, ती ड्रिलचं तोंड आपल्याकडे करून, चकच्या जबड्यांत बघत असताना दिसणारी दिशा आहे. मशीन हातात धरून मागून पाहिलं तर सगळं उलटं दिसतं, आणि निम्मे घोटाळे तिथेच होतात.

दोन उलटसुलट आटे ठेवण्यामागे कारण आहे. ड्रिल पुढच्या दिशेने चालतो तेव्हा भिंतीचा विरोध चकला स्पिंडलवर, म्हणजे तो ज्यावर बसतो त्या मशीनच्या फिरत्या दांड्यावर, आणखी घट्ट करतो, त्यामुळे काही अडत नाही. पण रिव्हर्समध्ये स्क्रू काढताना किंवा अडकलेला बिट सोडवताना हाच विरोध चकला स्पिंडलवरून सोडवायला बघतो. चक तसा सैल होऊ लागला की आतल्या स्क्रूच्या डोक्यालाही स्वतःबरोबर घड्याळाच्या उलट ओढतो. स्क्रूचे आटे उलटे असल्यामुळे त्या ओढीने तो आवळतो आणि चकला तिथेच धरून ठेवतो. म्हणून रिव्हर्स असलेल्या ड्रिलला हा स्क्रू लागतोच. 'नाही लावला तरी चालतं' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. रिव्हर्समध्ये बिटसकट चक निघून पायावर पडतो.

खराब चकच आहे का?

चक विकत घेण्याआधी पाच-दहा मिनिटं तपासणीला द्या. घसरणाऱ्या बिटचा दोष प्रत्येक वेळी चकचा नसतो.

सुरुवात बिटपासून. बिट एकदा चकमध्ये फिरला की त्याच्या दांड्यावर गोल चरे पडतात आणि चऱ्यांच्या कडेला बारीक उंचवटे उठतात. जबडे मग त्या उंचवट्यांवर टेकतात, दांड्याला पूर्ण लांबीने धरत नाहीत, आणि बिट पुन्हा घसरतो. उंचवटे बारीक कानशीने उतरवा, किंवा सरळ नवा, गुळगुळीत दांड्याचा बिट लावून पाहा. दांड्याला तीन सपाट बाजू असलेले बिट मिळतात, ते कीलेस चकमध्ये जास्त चांगले टिकतात. आणि एक चूक फार दिसते: रोटरी हॅमरचा, म्हणजे काँक्रीटसाठीच्या ठोक्याच्या मशीनचा, एसडीएस बिट साध्या चकमध्ये घालणं. त्याचा दांडा १० मिमीचा असतो आणि त्यावर खाचा असतात. १३ मिमीच्या चकमध्ये तो जातो, पण जबड्यांचं टोक खाचेच्या कडेवर बसलं की धक्क्यांनी झिजतं किंवा तुटतं. एक जबडा मागे राहण्यामागे हे कारण असू शकतं.

मग धूळ. फ्लॅटमध्ये पडद्याचे रॉड, पंख्याचे हूक, फॉल्स सीलिंग असं डोक्यावरचं काम पुष्कळ असतं. अशा वेळी चकचं तोंड वर असतं आणि सिमेंटची भुकटी थेट जबड्यांच्या खोबणीत उतरते. पावसाळ्यात त्यात दमट हवा मिसळली की भुकटी धरून बसते आणि जबड्यांवर गंज चढतो. खाडीच्या बाजूला राहणाऱ्यांना हे सांगायला नको. साफ करायची रीत अशी: बॅटरी काढा, जबडे पूर्ण उघडा, चकचं तोंड खाली करून स्लीव्हवर, म्हणजे हाताने फिरवायच्या बाहेरच्या नळीवर, लाकडी दांड्याने हलके ठोके द्या. जुन्या टूथब्रशने खोबणी झाडा. डब्ल्यूडी-४० चा फवारा किंवा थोडं रॉकेल आत सोडा, तोंड खालीच ठेवा म्हणजे ते गिअरबॉक्सकडे जाणार नाही, आणि जबडे दहा-पंधरा वेळा उघडा-मिटा. काळं पाणी पुसून घ्या, वाळू द्या, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब प्रत्येक जबड्याला. ग्रीस अजिबात नको. ग्रीस लावलेला चक पुढच्या चार भोकांतच धुळीने चोंदतो.

यानंतरही एक जबडा मागेच राहत असेल तर चकचा निकाल लागला. का, ते समजण्यासाठी चकची रचना माहीत हवी. तीन जबडे तिरक्या भोकांत बसतात, त्यांच्या बाहेरच्या अंगाला आटे असतात आणि स्लीव्हच्या आतली एक गोल रिंग त्या आट्यांवर फिरून तिघांना एकदम पुढे-मागे करते. तिन्ही जबडे दिसायला सारखे, पण त्यांचे आटे एकमेकांपासून एक-तृतीयांश घराने सरकवलेले असतात, म्हणूनच त्यांचा क्रम ठरलेला असतो. एखादा जबडा मागे राहतो याचा अर्थ त्याच्या किंवा रिंगच्या आट्याचा तुकडा उडाला आहे आणि तो एक घर चुकला आहे. किल्लीच्या चकची स्लीव्ह दाबाने काढून जबडे पुन्हा जुळवता येतात. कीलेस चकच्या बाबतीत तो खटाटोप करू नये, नवा चक स्वस्त पडतो.

आणखी दोन खुणा. चक आवळताना येणारा टकटक आवाज बंद झाला असेल किंवा हॅमर मोडमध्ये चालवताना स्लीव्ह आपोआप ढिली पडत असेल तर आतला रॅचेट, म्हणजे स्लीव्हला सैल होऊ न देणारे दाते, झिजला आहे. प्लास्टिकची स्लीव्ह आतल्या धातूवर नुसतीच घरंगळत असेल तर ती आतून तडकली आहे. दोन्हीला नवा चक हाच उपाय.

आता दुरुस्तीवाल्याचं म्हणणं. ते खोटं ठरवायचं तर स्पिंडल तपासावं लागेल. चक धरून आडवा, डावीकडे-उजवीकडे हलवा. आडवा खेळ हाताला स्पष्ट जाणवत असेल, 'कटकट' होत असेल, तर बेअरिंग गेलं आहे आणि नव्या चकनेही भोक वेडंवाकडंच पडेल. पुढे-मागे थोडा खेळ असेल तर घाबरू नका. इम्पॅक्ट ड्रिलचं स्पिंडल त्या दिशेने थोडं मोकळं ठेवलेलं असतं, त्याशिवाय ठोके बसणार नाहीत. पक्का निर्णय चक काढल्यावर होतो: बॅटरी लावून उघडं स्पिंडल सावकाश फिरवा आणि टेबलावर टेकवलेल्या पेन्सिलीचं टोक त्याच्या कडेला अगदी जवळ आणा. फट एकसारखी राहिली तर स्पिंडल सरळ आहे. फट लहान-मोठी होत असेल तर मशीन कधीतरी शिडीवरून पडून स्पिंडल वाकलं आहे, आणि मग दुरुस्तीवाला बरोबर आहे. हाताने आवळायच्या चांगल्या चकमध्येही ०.१ ते ०.३ मिमी थरथर असतेच. भिंतीच्या कामाला ती चालते.

स्क्रू

बॅटरी काढा. हे आधीही सांगितलं, तरी पुन्हा, कारण ॲलन की चकमध्ये असताना ट्रिगर दाबला गेला तर मनगट जातं.

जबडे पूर्ण उघडा आणि टॉर्चने आत बघा. तळाशी स्क्रूचं डोकं दिसेल, साधारण बोटभर खोल. ते बहुधा स्टार खाचेचं असतं, टी-२५, टी-२७ किंवा टी-३०. काहींत फिलिप्स म्हणजे अधिक चिन्हाची खाच असते. टी-२५ चा बिट टी-२७ मध्ये जातो आणि थोडा हलतो, तसं चालणार नाही. एकही अंश खेळ नसणारा बिट हवा, आणि तो किमान ७५ ते १०० मिमी लांब हवा म्हणजे खोलीपर्यंत सरळ पोचेल.

बिट लावण्याआधी खाच साफ करा. इथे बहुतेक जण घाई करतात. खाचेत सिमेंट आणि तेलाचा घट्ट लगदा बसलेला असतो, त्यामुळे बिट खाचेत अर्धाच उतरतो आणि जोर लावला की कडा गोल करून बाहेर येतो. गोणी शिवायच्या सुईने किंवा बारीक खिळ्याने खाचेच्या प्रत्येक कोपऱ्यातून लगदा खरवडून काढा, फुंकर मारा, डोळ्यावर गॉगल ठेवा. मग बिट खाचेत ठेवून त्याच्या मागे हातोडीने दोन हलके ठोके द्या. बिट पूर्ण बसतो आणि आतला थ्रेड लॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, तोही थोडा तडकतो.

आता ड्रिल घट्ट धरा, स्पिंडल लॉक असलेल्या मशीनमध्ये चक हाताने धरला तरी पुरतं, आणि बिटवर अंगाचा भार देत घड्याळाच्या दिशेने फिरवा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीपेक्षा टी-हँडल किंवा रॅचेट बरा. सुटला तर उत्तम. घरात इम्पॅक्ट ड्रायव्हर असेल तर तो पुढच्या दिशेला ठेवून, भार देऊन, अर्ध्या सेकंदाचे दोन-तीन झटके द्या. रिव्हर्सला ठेवून नाही! इथे पुढची दिशा म्हणजे सोडवण्याची दिशा.

तरीही सुटला नाही तर उष्णता. स्क्रूला थ्रेड लॉकर लावलेला असतो. निळा असेल तर तो हाताच्या जोराने सुटतो. लाल असेल तर त्याला जवळजवळ २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं. हीट गन चकवर धरू नका, चकमागे गिअरबॉक्सचं प्लास्टिकचं नाक आहे आणि त्यातलं ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं. सोल्डरिंग आयर्न घ्या, ६० वॉटचं असेल तर चांगलं. त्याचं टोक स्क्रूच्या खाचेत पाचेक मिनिटं टेकवून ठेवा. उष्णता नेमकी स्क्रूलाच मिळते. काढल्याबरोबर, गार व्हायच्या आत, बिट लावून फिरवा.

तुमच्या बाबतीत डोकं आधीच घासलं आहे. त्यामुळे पहिली खटपट अशी करा: एक माप मोठा स्टार बिट, म्हणजे टी-२७ ऐवजी टी-३०, हातोडीने खाचेत ठोकून बसवा आणि वरचेच उपाय करा. तेही फसलं तर स्क्रू पोखरून काढायचा. इथे उलट्या आट्यांचा एक फायदा आहे. साधा ड्रिल बिट घड्याळाच्या दिशेने कापतो आणि आपला स्क्रूही त्याच दिशेने सुटतो. त्यामुळे दुसऱ्या ड्रिलमध्ये एचएसएसचा, म्हणजे धातू कापणारा, बिट लावून, आधी सेंटर पंच मारून, सावकाश पोखरायला घेतलंत तर पुष्कळदा बिट अडकतो आणि स्क्रूच बाहेर घेऊन येतो. नाही आला तर स्क्रूच्या दांड्यापेक्षा किंचित मोठा बिट लावून फक्त डोकं उडवा. दांडा साधारण ५ किंवा ६ मिमी जाड असतो. डोकं गेलं की चक मोकळा होतो आणि उरलेला दांडा स्पिंडलमधून पकडीने, घड्याळाच्या दिशेने, निघतो.

बाजारात मिळणारा साधा स्क्रू एक्स्ट्रॅक्टर इथे मुळीच वापरू नका. तो घड्याळाच्या उलट फिरवून घट्ट रुतवायचा असतो आणि हा स्क्रू त्या दिशेने आवळतो. एक्स्ट्रॅक्टर आत मोडला तर त्याचं पोलाद इतकं कडक असतं की घरच्या बिटने पोखरता येत नाही, आणि तेव्हा खरोखरच गिअरबॉक्सचा खर्च येतो.

चक

स्क्रू काढून डबीत ठेवा, तो नव्या चकला लागणार आहे. काही चकांसोबत नवा मिळतो, सगळ्यांसोबत नाही, आणि उलट्या आट्यांचा स्क्रू नाक्यावरच्या हार्डवेअरमध्ये मिळेलच असं नाही.

चक काढायला ताकदीपेक्षा झटका लागतो. वर्षानुवर्षं पुढच्या दिशेने चालून तो स्पिंडलवर आवळत गेलेला असतो. लांब पाइप लावून सावकाश जोर दिला तर सगळा जोर गिअर आणि स्पिंडल लॉकच्या पिनांवर येतो, मशीन हातात पिळतं आणि चक जागचा हलत नाही. एकच कडक, छोटा फटका मात्र आटे मोकळे करतो, कारण स्पिंडल आणि मागचे गिअर इतक्या पटकन फिरायला तयार नसतात.

१० मिमीची ॲलन की घ्या, ती नसेल तर ८ ची. आखूड पाय चकमध्ये शक्य तितका आत घालून जबडे आवळा. सहा बाजूंच्या दांड्याला तीन जबडे बरोबर सपाट बाजूंवर धरतात. गिअर १ वर ठेवा, क्लचची रिंग ड्रिलच्या चिन्हावर, हॅमरवर नाही. क्लच आकड्यावर राहिला तर लॉक नसलेल्या मशीनमध्ये फटक्याबरोबर तोच घसरेल आणि चक जागेवरच राहील. मशीन टेबलाच्या कडेला आडवं ठेवा, चक कडेबाहेर, खाली जाड फडकं, मूठ आणि अंग दुसऱ्याने धरलेलं किंवा तुमच्या गुडघ्याने दाबलेलं. समोरून बघताना ॲलन कीचा लांब पाय डाव्या हाताला, आडवा, घड्याळात नऊ वाजता काटा असतो तसा. त्याच्या टोकाजवळ ४००-५०० ग्रॅमच्या हातोडीने वरून खाली एक फटका. रबरी हातोडी नको, ती झटका पिऊन टाकते. गॉगल हवाच, ॲलन की कडक पोलादाची असते, तिची कपची उडू शकते.

दोन-तीन फटक्यांत चक सुटतो आणि मग हातानेच निघतो. आठ-दहा फटके झाले तरी हलला नाही तर थांबा. स्पिंडलच्या मुळाशी एक थेंब डब्ल्यूडी-४० सोडा, रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी आधी उजवीकडे, म्हणजे घट्ट करण्याच्या दिशेने, एक हलका फटका मारून मग डावीकडे मारा. गंजाने धरलेले आटे असे हलतात. आणि एकदा खात्री करा की आतला स्क्रू खरोखर निघालाय. स्क्रू आत असताना चकवर फटके मारणं म्हणजे त्या स्क्रूलाच आवळत राहणं.

जबडे इतके झिजले असतील की ॲलन कीही धरत नाहीत, तर चक तसाही टाकायचाच आहे. प्लास्टिकची स्लीव्ह छिन्नीने फोडा, आतल्या धातूवर पाइप पान्हा लावा आणि पान्ह्याच्या दांड्यावर फटका मारा.

काही मशीनना हे सगळं लागूच नाही. पुढचं टोक काढ-घाल करता येणारे, पाव इंची षटकोनी खाचेचे किंवा चक स्पिंडलचाच भाग असलेले ड्रिल असतात. आत पाहिल्यावर तळाशी स्क्रू दिसत नसेल आणि चकवर आट्यांचं माप कोरलेलं नसेल तर फटके मारण्याआधी त्या मॉडेलचं पार्ट्सचं चित्र बघा.

नवा चक घेताना

आधी जुना काढावा, मग नवा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑनलाइन आधी मागवून नंतर आटे जुळत नाहीत, हा प्रकार फार होतो. जुना चक आणि मशीन दोन्ही पिशवीत घालून दुकानात जा. वागळे इस्टेट, रबाळे-महापेच्या एमआयडीसीच्या आसपास टूल्सची दुकानं आहेत. तिथे नसेल तर मस्जिद स्टेशनजवळची नागदेवी स्ट्रीट. ठाण्याहून मध्य रेल्वेची धीमी गाडी आणि वाशीहून हार्बर, दोन्ही मस्जिदला थांबतात.

चकच्या मागच्या बाजूला किंवा स्लीव्हच्या कडेला माप कोरलेलं असतं, उदाहरणार्थ '२-१३ मिमी, १/२-२० यूएनएफ'. पहिला आकडा किती जाडीचा बिट धरतो तो: २ ते १३ चा चक दीड मिमीचा बिट धरणार नाही, हे दागिन्यांच्या किंवा सर्किटच्या कामवाल्यांनी लक्षात ठेवावं. दुसरा आकडा आट्यांचा: अर्धा इंच व्यास, एका इंचात २० आटे. दुसरं प्रचलित माप ३/८-२४, ते छोट्या, १० मिमीच्या चकवर जास्त दिसतं. काउंटरवर 'चार सुती' आणि 'तीन सुती' (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) म्हटलं तरी कळतं, पण आटे किती ते विचाराच. व्हर्निअरने स्पिंडल मोजलं तर अर्ध्या इंचाचं साडेबाराहून किंचित जास्त मिमी भरतं, ३/८ चं साडेनऊ. स्पिंडल बारा मिमीच्या आतबाहेर भरलं तर ते १२ मिमी, सव्वा मिमी पिचचं, म्हणजे दोन आट्यांत सव्वा मिमी अंतर असलेलं, असू शकतं. त्याच्यावर अर्धा इंची चक सैलसर चढतो आणि माणूस फसतो. खरा जुळणारा चक हाताने, न डगमगता, शेवटपर्यंत फिरतो.

बी-१२, बी-१६ असं लिहिलेले चक बाजूला ठेवा. ते टेबलावरच्या ड्रिल मशीनचे, निमुळत्या दांड्यावर दाबून बसवायचे. त्यांना आटे नसतात.

यापुढे तीन गोष्टी बघा. तळाशी स्क्रूसाठी आरपार भोक आहे का. नसलेले चक स्वस्तात मिळतात आणि रिव्हर्सच्या ड्रिलला निरुपयोगी असतात. तुमचा ड्रिल इम्पॅक्ट आहे, तेव्हा चक हॅमरसाठी चालतो असं त्यावर लिहिलेलं हवं, कुलूप लागणारा रॅचेट हवा आणि स्लीव्ह धातूची असली तर उत्तम. आणि स्लीव्ह एकच हवी की दोन: स्पिंडल आपोआप लॉक होणाऱ्या मशीनला एक स्लीव्ह पुरते, लॉक नसेल तर दोन स्लीव्हचा चक घ्या, नाहीतर आवळताना मागचं काही धरता येत नाही. किल्लीचा चकही बसतो आणि पकड त्याचीच जास्त. पण शिडीवर उभं राहून किल्ली शोधायची तयारी असेल तरच.

मागचा घेर क्लचच्या रिंगला घासत नाही ना, हे दुकानातच हाताने फिरवून बघा.

बसवणं

स्पिंडलचे आटे आणि मुळाशी असलेला सपाट कंठ कापडाने कोरडा पुसा. चक याच कंठावर टेकतो. तिथे एक वाळूचा कण राहिला तरी चक तिरका बसतो आणि नवा चक थरथरतो म्हणून दुकानदाराशी भांडण होतं. चक चढवण्याआधी स्क्रू नुसता स्पिंडलमध्ये फिरवून तो तळाला लागेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून ठेवा आणि स्क्रू काढा, कारण खाली येतंय. चक हाताने शेवटपर्यंत फिरवा. मग ॲलन की लावा, या वेळी लांब पाय उजव्या हाताला, आणि वरून खाली एक मध्यम फटका. ज्यांच्याकडे टॉर्क रेंच आहे त्यांच्यासाठी, १३ मिमीच्या चकला ३० ते ३५ न्यूटन-मीटर असा आकडा मॅन्युअलमध्ये दिसतो. स्पिंडलच्या आट्यांना थ्रेड लॉकर लावू नका, पुढच्या वेळी चक काढणाऱ्याचे हाल होतात.

स्क्रूची लांबी आता तपासा, कारण इथे नवा चक जुन्यापेक्षा वेगळा निघतो. चक चढवण्याआधी नुसत्या स्पिंडलमध्ये स्क्रूचे किती फेरे गेले ते तुम्ही मोजलेलंच आहे. आता चक बसलेला असताना पुन्हा मोजा. दुसऱ्या वेळी थोडे कमी फेरे जायला हवेत, म्हणजे डोकं चकच्या तळाला दाबतंय. फेरे तेवढेच गेले तर स्क्रू स्पिंडलच्या तळाला टेकलाय आणि चकला धरतच नाही. डोक्याखाली पातळ वॉशर घाला किंवा स्क्रूचं टोक मिमीभर घासा. पाचपेक्षा कमी फेरे जात असतील तर लांब स्क्रू आणा.

स्क्रूचे जुने आटे तारेच्या ब्रशने साफ करून निळ्या थ्रेड लॉकरचा एकच थेंब, आणि घड्याळाच्या उलट आवळा. हाताच्या जोराने, इम्पॅक्ट ड्रायव्हरने नाही. निळा थ्रेड लॉकर पूर्ण पकडायला चोवीस तास घेतो. तेवढा वेळ रिव्हर्समध्ये जोराचं काम काढू नका.

मग नव्या, सरळ दांड्याचा ६ किंवा ८ मिमीचा बिट लावून सावकाश फिरवा. टोक किंचित फिरलं तर ठीक. डोळ्याला ठळक दिसेल इतकं, मिमीभर, फिरत असेल तर बिट काढून एक-तृतीयांश फेरा वळवून पुन्हा लावा. थरथर बिटबरोबर सरकली तर बिट वाकडा आहे, जागेवरच राहिली तर कंठावर कचरा आहे किंवा चकच सदोष आहे.

पुन्हा लवकर झिजू नये म्हणून

आवळताना स्लीव्ह हातात धरून ट्रिगर दाबायची सवय असेल तर ती सोडा. त्याने रॅचेट झिजतो आणि हाताची कातडी जाते. बिट घालून हाताने आवळा, टकटक थांबेपर्यंत. बिट पूर्ण आत घालून मिमीभर मागे ओढा, म्हणजे तो स्क्रूच्या डोक्यावर ठोके मारणार नाही.

पण चक झिजण्याचं मोठं कारण भिंत हे आहे. घोडबंदर रोड, खारघर, उलवे इथल्या नव्या टॉवरमध्ये मायव्हान पद्धतीने, ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या भिंती असतात. आतली पार्टिशनची भिंतही काँक्रीटची. जुन्या सिडकोच्या इमारतींतल्या विटांच्या भिंतीत इम्पॅक्ट ड्रिल आरामात जातो. काँक्रीटमध्ये तो नुसता किरकिरतो, माणूस अंगाचा जोर लावतो, बिट गरम होऊन अडकतो आणि सगळा पीळ जबड्यांवर येतो. तिथे ६ मिमीची दोन-चार भोकं ठीक. मॉड्युलर किचनचे कॅबिनेट टांगायचे असतील तर एसडीएस-प्लसचा छोटा रोटरी हॅमर घ्या किंवा दिवसाच्या भाड्याने आणा. त्यात बिट पुढे-मागे सरकायला मोकळा असतो, ठोका बिटच्या मागच्या टोकावर बसतो, आणि पकडायला जबडे नसतातच.

जून ते सप्टेंबर मशीन उघड्या बाल्कनीत ठेवू नका. काम झालं की चक तोंड खाली करून झटका, जबड्यांना तेलाचा थेंब द्या, आणि जबडे थोडे उघडे ठेवून डब्यात ठेवा.